दिवा नसेल तेव्हा

कासववालीने बादली पायरीवर उपडी केली. आधी वाळू पडली, मग पिल्लं. बिस्किटाएवढी, काळपट, चारी पाय पसरलेली. बहुतेक सुकून कडक झाली होती. एकाचे डोळे पक्ष्यांनी टोचून नेले होते.

"ही सगळी तुमच्या घराखाली सापडली, काकू," ती म्हणाली. "पाण्याकडे जायची, ती इकडे आली."

काकू हातातलं ओलं फडकं तसंच धरून उभ्या राहिल्या. ही मुलगी बेटावर कासवांच्या घरट्यांची राखण करायची. वय त्यांच्या लेकीएवढंच, पण उन्हाने चेहरा पार रापलेला. जावयाने पहिल्याच दिवशी तिला कासववाली म्हटलं आणि मग घरात सगळेच तसं म्हणू लागले.

"अंड्यातून बाहेर आलं की पिल्लाला एवढंच कळतं," कासववाली म्हणाली. "जिकडे उजेड, तिकडे जायचं. अंधारात समुद्राच्या बाजूला आभाळ जरा उजळ असतं. पण त्याहून मोठा उजेड तुमच्या व्हरांड्यातल्या दिव्याचा. तुम्ही आलात तेव्हाच मी सांगितलं होतं, समुद्राकडचा दिवा लावू नका."

"सांगितलं होतंत."

"मग?"

काकूंनी मागे वळून घरात पाहिलं. टेबलाशी कंदीलकाका काचेचा पेला पुसत बसले होते. पेल्यात तोंड घालून वाफ सोडायची, फडकं आतून फिरवायचं, पेला उजेडासमोर धरायचा आणि पुन्हा वाफ सोडायची. सकाळपासून तोच एक पेला चालला होता.

"यांना संध्याकाळ झाली की दिवा लावायचा असतो," काकू म्हणाल्या.

"मग त्यांना सांगा की."

जावई चहाचा कप घेऊन दारात आला होता. तो म्हणाला, "तुम्हीच सांगून बघा. रेल्वेच्या मोठमोठ्या साहेबांना जमलं नाही, तिथे आमची काय टाप!"

कासववालीला हसू आलं नाही. तिने पिल्लं हाताने एकेक उचलून बादलीत परत ठेवली, मेलेली असूनही अलगद. जाताना म्हणाली, "पुढच्या वेळी मला या घराची वीज तोडायला लावावी लागेल. माझाही नाइलाज आहे, काकू."

बादली घेऊन ती वाळूतून गेली. जावयाने पायरीवरची वाळू पायाने झाडली.

कंदीलकाकांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेली. नोकरीला लागले तेव्हा सिग्नलमध्ये तेलाचे दिवे होते. दिवस मावळायला आला की काचा पुसायच्या, वाती कापायच्या, खांबावर चढून दिवे लावायचे. पुढे वीज आली, त्याच्याही पुढे केबिन बंद झाली, पण बरोबरीच्या लोकांनी पाडलेलं कंदील हे नाव तसंच राहिलं. रेल्वे कॉलनीतल्या पोरांनी त्याचं कंदीलकाका केलं आणि त्यांच्या बायकोला नुसतंच काकू. मग विसरण्याचं दुखणं लागलं. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरले, मग घर कुठलं ते, मग लेकीचं नाव. काकूंना तर ते आता ओळखतही नव्हते. संध्याकाळ मात्र विसरले नव्हते.

संध्याकाळ झाली की ते उठायचे. समुद्राकडच्या व्हरांड्यातला दिवा लावायचे, त्याच्याकडे मान वर करून नीट बघायचे, आणि जिना उतरून लाइन तपासायला निघायचे. लाइन म्हणजे किनारा. त्यांचं घर रांगेतलं शेवटचं. त्याच्यापुढे वाळूचा एक लांब दांडा पाण्यात गेलेला होता, पलीकडच्या बेटाला शिवता शिवता राहिलेला. कंदीलकाका त्या दांड्यावर चालत जायचे, टोकाशी वळायचे, आणि दिव्याकडे बघत बघत परत यायचे. जिन्याशी येऊन थांबायचे, वर यायचे मात्र नाहीत. मग काकू खाली उतरायच्या आणि म्हणायच्या, "रिलीव्हर आलाय. तुमची ड्युटी संपली."

"दिवे लागलेत. लाइन मोकळी आहे," कंदीलकाका सांगायचे आणि खिशातून नसलेल्या किल्ल्या काढून काकूंच्या हातावर ठेवायचे. "सांभाळा."

काकू मूठ बंद करायच्या. त्यानंतर मात्र ते लहान मुलासारखे जेवायला बसायचे.

सुट्टीची कल्पना लेकीची. "आई, तुला हवापालट हवा. किती वर्षं घराबाहेर पडली नाहीस," असं म्हणून तिने सगळं ठरवलं होतं. फुटलेल्या बांगडीचे तुकडे ओळीने मांडावेत तशी ती बेटं होती, लांबट आणि बारीक. एका बाजूला मोठा समुद्र, दुसऱ्या बाजूला उथळ पाणी, मधे नुसती वाळू. घरं उंच खांबांवर. वाळू जागची हलते, असं लोक सांगायचे. रस्ता मागच्या वादळात गाडला गेला होता आणि त्याच्यावरून नवा रस्ता काढला होता. काकूंना पहिल्या दिवशी हे सगळं फार आवडलं. व्हरांड्यात खुर्ची टाकून त्या बसल्या आणि बसल्या बसल्याच झोपल्या. लेकीने त्यांना उठवलं नाही.

कासववाली बादली घेऊन येऊन गेली त्या दुपारी जावयाने खुर्चीवर चढून व्हरांड्यातला बल्ब काढला.

"मिटलं," तो म्हणाला. "ना रहेगा बल्ब, ना..."

"तुझं पुरे," लेक म्हणाली.

संध्याकाळी कंदीलकाकांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग आत जाऊन गॅस पेटवला, वर्तमानपत्राची सुरळी करून त्यावर धरली आणि ती पेटती सुरळी घेऊन व्हरांड्याकडे निघाले. वाटेत पडदा होता. लेक किंचाळली. जावयाने पडदा ओढून खाली पाडला आणि पायाने विझवला. घरात किती तरी वेळ जळकट वास राहिला. बल्ब पुन्हा लागला.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या दाराला आतून कुलूप घालून बघितलं. कंदीलकाकांनी आधी दार वाजवलं, मग विनवण्या केल्या, मग कपाळ दारावर आपटायला लागले. काकूंनी त्यांना मागून धरलं तेव्हा त्यांनी काकूंचं मनगट असं पिरगाळलं की काकू खालीच बसल्या. दार उघडलं तेव्हा त्यांच्या भुवईवरून रक्त येत होतं, आणि ते त्याच रक्तासकट बटणाशी गेले.

कपाळाला पट्टी लावताना काकूंनी विचारलं, "दुखतंय का हो?"

"गाडी गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"मग काही नाही दुखत."

त्यानंतर एक दिवस सगळे बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेले. जुन्या वस्तूंचं एक छोटं संग्रहालय होतं, आणि त्याच्यापुढे दीपगृह. वाटेत जंगली घोडे दिसले, ठेंगणे, पोट सुटलेले, पाण्यात गुडघाभर उभे राहून गवत खाणारे. कुठल्याशा फुटलेल्या जहाजातून त्यांचे पूर्वज पोहत आले, असं पाटीवर लिहिलं होतं. वाळूतून एका जहाजाच्या फासळ्याही वर आल्या होत्या.

संग्रहालयातला माणूस हसतमुख होता. त्याने लोकांना भोवती गोळा करून जुनी हकिगत सांगितली. पूर्वी म्हणे इथली माणसं वादळी रात्री घोड्याच्या गळ्यात कंदील बांधून त्याला वाळूच्या टेकाडावरून हळूहळू फिरवायची. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, जहाज बंदरात डुलतंय. त्या दिव्याच्या भरवशावर जहाजं आत वळायची आणि वाळूत रुतून फुटायची. सकाळी माणसं जाऊन माल गोळा करायची.

"आणि जहाजावरची माणसं?" कुणीतरी विचारलं.

"ती कशाला सांगायला उरतायत!" तो माणूस म्हणाला आणि लोक हसले.

"कोण होता ड्युटीवर?" कंदीलकाकांनी एकदम मोठ्याने विचारलं.

सगळे वळले. कंदीलकाका पुढे सरसावले होते. "खोटा दिवा दाखवला? खोटा दिवा? त्याचं नाव सांगा. आत्ताच्या आत्ता नाव सांगा!"

"काका, फार जुनी गोष्ट आहे," तो माणूस म्हणाला. "गोष्टच आहे."

काकूंनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर पायवाट दीपगृहाकडे जात होती, दोन्ही बाजूंनी कठडे असलेली, अरुंद. कंदीलकाकांनी मान वर करून दीपगृहाच्या माथ्याकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबले. ते दीपगृह कधीच बंद पडलं होतं. वरच्या काचांच्या मागे काही नव्हतं.

"चला ना बाबा," लेक म्हणाली.

"दिवा नाही," कंदीलकाका म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पसरून वाट अडवली. "विझलाय. पुढे जायचं नाही."

"म्हणजे?" जावयाने विचारलं.

काकूंना हे लग्न झाल्यापासून पाठ होतं. "सिग्नलचा दिवा विझलेला दिसला तर तो लालच समजायचा," त्या म्हणाल्या. "त्यांच्यात तसा नियम आहे. जिथे असशील तिथे थांबायचं. कुणी माणूस पुढे येऊन हाताने इशारा देईपर्यंत हलायचं नाही."

मागे लोक साठले. एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, ती कुरकुरायला लागली. तेवढ्यात समुद्रावरून सर आली, जाडजूड थेंबांची. लोक ओरडत, हसत संग्रहालयाच्या छपराखाली पळाले. लेक आणि जावईही पळाले. कंदीलकाका हलले नाहीत. कपाळाची पट्टी भिजून सुटली, शर्ट अंगाला चिकटला, डोळ्यांत पाणी जाऊन डोळे लाल झाले, तरी ते हात पसरून, पाय जुळवून त्या मेलेल्या दीपगृहाकडे बघत उभेच. शेवटी काकू त्यांच्या हाताखालून वाकून पुढे गेल्या, बऱ्याच पुढे, आणि तिथून वळून त्यांनी हात हलवला. तेव्हा ते चालायला लागले.

"कमाल आहे," छपराखाली टॉवेलने डोकं पुसत जावई म्हणाला. "सासरेबुवा बुडाले असते, पण हलले नसते."

त्या दिवशी परत आल्यावर काकू भांडी घासत होत्या, तेव्हा लेक बाजूला येऊन उभी राहिली. तिने आईचं मनगट हातात घेतलं. ते निळं पडलं होतं.

"आई, एक जागा बघितलीय मी बाबांसाठी. बोटीतून पलीकडे उतरलं की वाटेतच आहे. माणसं चांगली आहेत."

काकूंनी ताटली धुऊन जाळीत ठेवली.

"म्हणजे सुट्टी ही यासाठी होती होय," त्या म्हणाल्या.

"सुट्टी तुझ्यासाठीच होती. डॉक्टर तुझ्या छातीबद्दल काय म्हणाले ते विसरलीस? उद्या तुला काही झालं तर मी कुणाला बघू?"

"तिथे दार लावून ठेवतात?"

लेक म्हणाली, "सगळ्यांनाच लावतात, आई. माणसं निघून जातात म्हणून."

"कपाळ फोडून घेतील."

"औषध देतात. गप्प पडून राहतात मग."

"संध्याकाळीसुद्धा?"

"संध्याकाळीसुद्धा."

काकूंनी नळ सोडला आणि तीच ताटली जाळीतून काढून पुन्हा धुतली. लेक रडायला लागली. काकूंनी ओल्या हाताने तिच्या पाठीवर थोपटलं. "तुझं चुकत नाही गं," त्या म्हणाल्या. "माझ्याच्याने होत नाही, हे खरंच आहे."

निघायच्या आदल्या दिवशी लेक आणि जावई सकाळच्या बोटीने ती जागा नीट बघून यायला गेले. उद्या बाबांना घेऊनच तिथे जायचं ठरलं होतं. लेकीने जाताना व्हरांड्याच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली आईच्या हातात दिली.

"शेवटच्या बोटीने येतोच आम्ही. तोवर उघडू नकोस. ओरडले तरी."

दुपारी कासववाली आली. तिने जिन्याच्या पायथ्याशी वाळूवर चार काठ्या रोवून दोरी बांधली. दोरीच्या आत वाळू वाटीसारखी खचली होती.

"इथेही एक घरटं आहे, काकू. हे बघा, वाळू खाली बसलीय. म्हणजे आतली पिल्लं हलायला लागलीत. आज निघणार."

"आज?"

"अंधार पडता पडता. मी पलीकडच्या टोकाच्या घरट्यावर आहे, तिकडचं आटोपून येते. तोवर तेवढा दिवा नको. हात जोडते." ती खरंच हात जोडून उभी राहिली. मग दांड्याकडे बघून म्हणाली, "आणि आज काकांना तिकडे सोडू नका. उधाण आहे. दिवस मावळला की दोन्हीकडून पाणी चढतं आणि दांडा दिसेनासा होतो. घोडेसुद्धा आज तिथे थांबायचे नाहीत."

"कुलूप आहे आज," काकू म्हणाल्या.

"बरं झालं."

ऊन उतरलं. कंदीलकाका खुर्चीतून उठले. त्यांनी दाराची कडी ओढून बघितली. आज त्यांनी आरडाओरडा केला नाही. दाराला तोंड लावून हळूच म्हणाले, "साहेब, गाडीची वेळ झाली." थोडं थांबले. "साहेब, दिवा लावायचाय फक्त." मग कपाळ दारावर टेकलं आणि एकदा आपटलं, जुन्या जखमेवरच.

काकू किल्ली मुठीत धरून बसल्या होत्या. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा त्या उठल्या आणि त्यांनी कुलूप काढलं.

कंदीलकाकांनी व्हरांड्यात जाऊन बटण दाबलं. दिवा लागला. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे समाधानाने बघितलं. शर्टाची बटणं त्यांनी एक सोडून एक लावली होती. काकू पुढे झाल्या आणि सगळी काढून पुन्हा नीट लावायला लागल्या.

"तुम्ही नवीन दिसता," ते म्हणाले.

"हो. नवीनच आहे मी."

"घाबरायचं नाही. काम सोपं आहे. दिवा असला की चालायचं. दिवा नसला की थांबायचं. आहे तिथेच. एक पाऊल पुढे नाही, एक पाऊल मागे नाही."

"आणि कुणी न्यायलाच आलं नाही तर?"

"तर उभं राहायचं."

"किती वेळ?"

ते हसले. पोरसवदा उमेदवाराने काहीतरी खुळचट विचारावं आणि जुन्या माणसाने हसावं, तसे. किती तरी महिन्यांत काकूंनी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

"अहो, सोडवायला माणूस येईपर्यंत," ते म्हणाले. "दुसरं काय असतं नोकरीत?"

काकूंनी शेवटचं, गळ्याशी असलेलं बटण लावलं आणि कॉलर सरळ केली. कंदीलकाका जिना उतरले. दोरीला वळसा घालून वाळूवरून चालत गेले, पाठ ताठ, हात मागे बांधलेले. दांड्यावरून घोडे एका ओळीत बेटाकडे परत येत होते. कंदीलकाका त्यांच्या बाजूने उलट दिशेला गेले. शेवटच्या घोड्याने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

काकू खुर्चीत बसल्या. दिवा आहे तोवर ते वळून परत येतील, रोजच येतात, असं त्यांना वाटत होतं. आभाळ जांभळं झालं, मग राखाडी. दांड्याच्या कडा पाण्याने आत आत ढकलल्या होत्या.

खाली काहीतरी सळसळलं. काकू कठड्याशी गेल्या. दोरीच्या आतली वाळू उकळत्या पाण्यासारखी हलत होती. एक डोकं वर आलं, मग एकदम पुष्कळ. पिल्लं एकमेकांच्या अंगावरून बाहेर पडली, क्षणभर थबकली, आणि सगळीच्या सगळी जिन्याकडे वळली. दिव्याकडे. पहिलं पिल्लू खालच्या पायरीला येऊन धडकलं, मागे पडलं, पुन्हा धडकलं. कठड्यावर दोन पक्षी येऊन बसले होते.

काकूंनी दांड्याकडे बघितलं. टोकाशी कंदीलकाका काडीएवढे दिसत होते. ते वळले होते. त्यांचं तोंड आता घराकडे होतं आणि ते दिव्याकडे बघत निघाले होते.

काकूंचा हात बटणावर गेला. बोटं त्याच्यावरून एकदा फिरली. पायरीवर ते पिल्लू तिसऱ्यांदा धडकलं, त्याचा टकटक आवाज वर ऐकू आला.

त्यांनी दिवा मालवला.

आधी काहीच दिसलं नाही. मग हळूहळू पाण्यावरचं आभाळ दिसायला लागलं, फिकट, धुतलेल्या कापडासारखं. पायरीवर टकटक थांबली. पिल्लं जागच्या जागी गोल फिरली आणि पाण्याकडे निघाली.

आणि लांब दांड्यावर कंदीलकाका थांबले. त्यांनी पाय जुळवले, हे इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, पण काकूंना दिसलं.

त्या जिना उतरायला लागल्या. कठडा धरून, एकेक पायरी. शेवटच्या पायरीवर आल्या आणि एक पाय खाली टाकायला गेल्या, तर खाली सगळी वाळू चालत होती. पाय ठेवायला जागा नव्हती. काकू पाय उचलून तशाच उभ्या राहिल्या, मग तो पाय पायरीवर मागे घेतला. छातीत धडधडत होतं. इथून हात हलवून त्यांना काही दिसलं नसतं. जवळ जायला हवं होतं, पुष्कळ जवळ. "रिलीव्हर आलाय," एवढंच म्हणायला हवं होतं.

पिल्लं जात राहिली. लाट आली की पुढची उचलली जात, मागची तिच्या फेसापर्यंत पोहोचत. मग मागे राहिलेली थोडीशी. मग एकच, हळू चालणारं. तेही गेलं. वाळू मोकळी झाली.

काकू पायरीवर बसल्या.

दांड्याची वाळू आता दिसत नव्हती. नुसतं पाणी होतं, आणि पाण्यात मधेच एक उभी रेघ. ती हलत नव्हती. काकू तिच्याकडे बघत होत्या, तोवर अंधार इतका झाला की रेघ आहे की नाही ते कळेना. तरी त्या बघत राहिल्या. घरामागून, उथळ पाण्याच्या बाजूने, शेवटच्या बोटीचा भोंगा ऐकू आला. लेक आली होती.

किनाऱ्याने एक लाल ठिपका हलत हलत येत होता. जवळ आला तेव्हा तो कासववालीच्या हातातला टॉर्च होता. ती धापा टाकत होती. तिने दोरीच्या आत टॉर्च धरला, खड्ड्यात हात घालून बघितलं, मग वाळूवरच्या बारीक बारीक रेघांवरून पाण्यापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"काकू!" तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "सगळी सरळ गेली. एक चुकलं नाही. रोज मेलेली गोळा करून कंटाळले होते हो मी."

ती काकूंच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिने काकूंचा हात हातात घेतला. हात थंड होता.

"काका?"

"ड्युटीवर आहेत," काकू म्हणाल्या.

कासववाली हसली. तिने वर अंधाऱ्या घराकडे बघितलं. "आज दार लावून घेतलंत, बरं केलंत."

काकूंनी पाण्याकडे बघत विचारलं, "आता लावू का दिवा?"

"एवढ्यात नको, काकू. एखाददुसरं मागून निघतं." ती उठली. जिना चढून वर गेली आणि व्हरांड्यातल्या दिव्याच्या खिळ्याला तिने आपला टॉर्च अडकवला, तोंड समुद्राकडे करून. "हा चालतो. पिल्लांना लाल उजेड दिसत नाही."

काकूंनी मान वर केली. अंधारात तो दिवा नीट, स्थिर लागला होता. फार लांबून दिसला असता. घरामागे वाळूवर लेकीची आणि जावयाची पावलं वाजत होती, आणि लेक हाक मारत होती.

"काढू का?" कासववालीने वरून विचारलं. "डोळ्यांवर येतोय?"

"असू दे," काकू म्हणाल्या. "बरोबर आहे तो."